फ्रेंच राजवाड्याचं तोंड कुणीकडे?

ता. १७ नोव्हेंबर १९९८, मंगळवार. पहाटे झोंबरी थंडी, नऊनंतर स्वच्छ ऊन, आभाळात ढगाचा ठिपका नाही... आणि अशा सुंदर उन्हात, तुम्हाला सांगतो, एक सुटाबुटातला माणूस माझ्या चित्रापुढं उकिडवा बसतो, खिशातून होकायंत्र काढतो, ते चित्रातल्या राजवाड्याच्या दाराशी टेकवतो, काटा थरथरून थांबेपर्यंत डोळे मिटून घेतो आणि मग माझ्याकडं बघून म्हणतो, "सॉरी. दक्षिणमुखी आहे."

अहो, कोण दक्षिणमुखी? कागद? कागदाला कुठली आलीय दिशा! तो राजवाडा फ्रान्सचा. बरं, फ्रान्समध्ये तरी आहे का? नाही! पॅरिसच्या कलाशाळेतल्या कुणा विद्यार्थ्यानं शे-सव्वाशे वर्षांपूर्वी परीक्षेसाठी कागदावर काढला, परीक्षा झाली, राजवाडा कपाटात गेला, कुणी बांधलाच नाही! जगात कुठं त्याचा पाया नाही, वीट नाही, उंबरा नाही. त्या चित्राची एक छापील प्रत, त्या प्रतीवरून मी हातानं केलेली ही नक्कल. आणि तिला दक्षिण दिशा लागते! मी म्हटलं, "साहेब, नक्कल आहे हो ही. नक्कल म्हणजे नक्कल!" तर म्हणतो, "दोषाची नक्कल केली की दोषही येतो ना बरोबर."

आता यावर तुम्ही काय बोलणार? बोला ना!

थांबा, जरा मागून सांगतो. मी अंबडच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसला होतो. ट्रेसिंग करायचो. इंजिनिअर लोकांनी पेन्सिलीनं काढायचं, मी वर पारदर्शक कागद ठेवून शाईनं गिरवायचं. नटबोल्ट, गिअर, पुन्हा नटबोल्ट. अख्खं आयुष्य दुसऱ्याच्या रेघेवरून रेघ ओढण्यात गेलं, पण माझी रेघ कधी केसभर हलली नाही, हे मी नाही सांगत, तिथले लोक सांगतील. तर एकदा तिथं मशीन बसवायला एक फ्रेंच साहेब आला. हा दुपारी जेवण झालं की माझ्या टेबलाशी येऊन उभा राहायचा, बघत बसायचा, एक शब्द बोलायचा नाही. बोलणार कसा, त्याला मराठी येत नव्हती आणि मला त्याचं इंग्रजी कळत नव्हतं. जाताना मात्र एक भलाथोरला अल्बम माझ्या टेबलावर ठेवून गेला. आत काय? सगळी जुनी फ्रेंच वास्तुचित्रं! राजवाडे, कमानी, चर्चचे कळस, नाट्यगृहांच्या पायऱ्या... प्रत्येक दगड शाईच्या रेघेनं आखलेला आणि त्यावर रंगाचे इतके पातळ थर की वाटावं, कुणीतरी कागदावर नुसता श्वास सोडलाय. मी ते बघितलं आणि माझं नटबोल्टावरचं मन उडालं ते उडालंच!

मग शिकलो. कोण शिकवणार? आपणच. रात्री नको, दिव्याखाली रंग खोटा दिसतो, रविवारी सकाळी. एक थर द्यायचा, वाळू द्यायचा, दुसरा द्यायचा, वाळू द्यायचा. घाई केलीत की डाग पडतो आणि मग राजवाड्याला ओल आल्यासारखं दिसतं. कागद जुना दिसावा म्हणून कोऱ्या चहाचं पाणी पुसायचो. आमच्या घरात पाहुण्याला चहा नाही मिळायचा, राजवाड्याला मिळायचा!

पुढं कंपनीत कॉम्प्युटर आला. तो माझ्यापेक्षा सरळ रेघ ओढतो, चहा पीत नाही आणि सुट्टी मागत नाही. मला स्वेच्छानिवृत्ती मिळाली... म्हणजे निवृत्ती माझी, स्वेच्छा कंपनीची.

इथं आमचे मेहुणे आले. मनोज. मोहिनीचा, म्हणजे माझ्या बायकोचा, धाकटा भाऊ. घोटीला भाताची गिरणी आहे त्याची. माणूस वाईट नाही हो, पण आवाज! गिरणीत बोलायची सवय, तो कानाशीसुद्धा गिरणी चालू असल्यासारखाच बोलतो. "दाजी! घरात बसून काय करता? या गिरणीवर! खुर्ची टाकतो, पंखा लावतो, नुसतं बसायचं आणि पोत्यांवर लक्ष ठेवायचं!" पोत्यांवर लक्ष! ज्या माणसानं फ्रेंच कमानीचा एकेक दगड मोजून काढला, त्यानं इंद्रायणी तांदळाच्या पोत्याकडं बघत बसायचं! मी मोहिनीला म्हटलं, मी चित्रं करीन आणि विकीन. ती म्हणाली, "करा की. मी कुठं नको म्हणते? पण एक तरी चित्र कुणाच्या तरी भिंतीवर लागू दे. आपल्या नाही, दुसऱ्याच्या! वर्ष संपेपर्यंत लागलं तर ठीक, नाही लागलं तर घोटी." एवढं बोलून ती पोळ्या लाटायला लागली. विषय संपला. तेव्हा लक्षात ठेवा, एका बाजूला परकी भिंत, दुसऱ्या बाजूला घोटी, आणि मध्ये मी!

भद्रकालीत आमचा मित्र महेबूब, फ्रेमवाला. त्यानं माझा एक लहान राजवाडा फुकट फ्रेम करून दुकानात टांगला, एका बाजूला लक्ष्मी, दुसऱ्या बाजूला मक्का, मध्ये फ्रान्स. महिनाभर कुणी ढुंकून बघेना. महेबूब म्हणायचा, "पेंटरसाहेब, चीज एक नंबर है, लेकिन लोक विचारतात, ये कौनसा देव है?" आणि एक दिवस आले बहिरूशेठ.

बहिरूशेठ म्हणजे देवळ्याचे कांद्याचे व्यापारी. यंदा कांद्याचा भाव काय झाला होता, तुम्हाला आठवत असेल. गृहिणी सोनाराकडं जावं तशा भाजीवाल्याकडं जायच्या. इकडं गंगापूर रोडला बहिरूशेठच्या बंगल्याला भराभर संगमरवर लागत होता. शेठ आले होते आरसा करायला, आणि बघतात तर राजवाडा!

"पेंटरभाऊ, हे कोणं घर शे?"

मी म्हटलं, "फ्रान्समधला राजवाडा आहे, शेठ."

"लय भारी! आमच्या हॉलची भिंत भरली पाहिजे असा मोठा काढा. मार्गशीर्षात वास्तुशांत शे. येणारा माणूस दारातच उभा राहिला पाहिजे!"

झालं! मी घरी धावत गेलो, शपथेवर सांगतो, या वयात धावत! सिडकोतल्या आमच्या दोन खोल्यांत तो राजवाडा सुरू झाला. पुढची खोली त्यानं व्यापली. आम्ही स्वयंपाकघरात जेवायचो, आले-गेले खेकड्यासारखे आडवे चालायचे. मोहिनी कंबरेवर हात ठेवून बघायची आणि म्हणायची, "एवढ्या खिडक्या! पुसतं कोण हो?" मी म्हणायचो, अगं, नोकर असतील. "दिसत तर नाही एकही." मी म्हटलं, मूळ चित्रात माणसंच नाहीत, मी कुठून आणू? नक्कल म्हणजे नक्कल!

पण तुम्हाला सांगतो, मजा येत होती. खोटं कशाला बोलू! सकाळी पडदा सरकवला की उजेड त्या खांबांवर पडायचा आणि मला वाटायचं, हा राजवाडा तिकडं कुणी बांधला नाही ना, तर तो इथं बांधला जातोय, सिडकोत, दुसऱ्या मजल्यावर! मी शिट्टी वाजवायचो. मोहिनी म्हणायची, "अहो, कुकर समजून मी दोनदा गॅस बंद केला."

राजवाडा होत आला तसे बहिरूशेठ त्यांच्या आईला घेऊन बघायला आले. चिमणाबाई. नऊवारी, कपाळावर मोठ्ठं गोंदण, आणि नजर अशी की वखारीतला एक नासका कांदा वासाआधी दिसावा. त्या चित्रासमोर बसल्या. वरपासून खालपर्यंत एकेक खिडकी न्याहाळली. मी मनात म्हटलं, बघा! कलेला भाषा लागत नाही!

मग म्हणाल्या, "आरे भाऊ, या घरनी माणसं कथा गयात?"

शेठ समजावतात, "आई, फ्रान्स शे ते."

"फ्रान्सम्हा माणसं ऱ्हातस नही का? इतलं मोठं घर नि दारम्हा कुत्रं बी नही! ओसाड शे. भूत ऱ्हास तठे."

शेठनाही एकदम तसंच दिसायला लागलं. "पेंटरभाऊ, खरंच हो. आणि पाण्याची टाकी कुठं शे? गच्चीवर दिसत नाही. खिडक्यांना ग्रील नाही. एवढ्या मोठ्या घराला ग्रील नाही म्हणजे चोराला आमंत्रण!" मी म्हटलं, "शेठ, जसं मुळात आहे तसं काढलंय. नक्कल म्हणजे नक्कल." चिमणाबाई तेवढ्यात पुढं सरकल्या. कमानीच्या दोन्ही बाजूंना दोन पुतळे आहेत, बायकांचे, फ्रेंच, म्हणजे तुम्ही समजून घ्या... कपड्याच्या बाबतीत जरा हात आखडता! आजी पुतळ्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हिले लुगडं नेसाडी दे."

"आजी, दगडाची आहे ती!"

"तरी बी. तिले थंडी नही वाजत का? ये-जा करतस लोक. मन्ही नात बठस त्या हॉलम्हा."

आता काय करायचं? मी घोटी आठवली. पोती आठवली. पंखा आठवला. आणि एक नाजूक वेल... अगदी पातळ, दोनच थरांची... त्या पुतळ्यांवरून अंगभर फिरवली. फ्रान्समध्ये वेली असतातच की! त्यांचा तर सगळा देश द्राक्षांवर चालतो. आजींनी मान हलवली. मी मनाशी म्हटलं, एवढंच. आता यापुढं रेघ नाही. एक रेघ नाही!

सतरा तारखेला चित्र खाली उतरवलं. जिन्यातून बसेना, म्हणून गॅलरीतून दोर लावून सोडलं. शेजारच्या वत्सलाबाई भाजी निवडत होत्या, त्यांच्या डोळ्यांसमोरून अख्खा राजवाडा हळूहळू खाली गेला, त्यांनी भाजीसकट हात जोडले. टेम्पोत मागं मी राजवाड्याला धरून उभा, वाटेत प्रत्येक गतिरोधकाला माझा जीव कमानीत! बंगल्यावर पोचलो, चित्र भिंतीला टेकवलं, पोरंटोरं, गवंडी, सुतार, सगळे गोळा झाले. आणि तिथं हा सुटाबुटातला! दिनेशजी, वास्तुतज्ज्ञ. वास्तुशांतीआधी घर तपासायला बोलावलेले. घर तपासून झालं होतं, सगळं शुद्ध होतं, माणूस जायला निघाला होता हो! बूट घालत होता! आणि त्याला माझं चित्र दिसलं.

होकायंत्राचं तुम्हाला सांगितलंच. पण होकायंत्रानं भागलं नाही. दिनेशजी उठून उभे राहिले, हाताची घडी घातली आणि शिकवायला लागले. "बघा. सावल्या कुठं पडल्यात? उजवीकडं. म्हणजे सूर्य कुठं? डावीकडं. आणि हा पिवळसर तांबूस रंग बघा. संध्याकाळ आहे. संध्याकाळी सूर्य कुठं असतो? पश्चिमेला. डावीकडं पश्चिम, म्हणजे राजवाड्याचं तोंड..." आणि सगळ्या गवंड्यांनी एका सुरात म्हटलं, "दक्षिणेला!"

"अहो, तो चहा आहे!" मी ओरडलो. "संध्याकाळ नाही, चहा! मी कागदाला चहा पुसलाय!"

दिनेशजी शांतपणे म्हणाले, "म्हणजे संध्याकाळच्या चहाची वेळ."

"अहो, उजेड डावीकडूनच दाखवायची पद्धत आहे त्यांची! सगळ्या चित्रांत तसंच असतं. माणूस उजव्या हातानं काढतो, म्हणून उजेड डावीकडून घेतात, हाताची सावली कागदावर पडत नाही!"

"म्हणजे तुमच्या फ्रान्समध्ये सूर्य चित्रकाराच्या सोयीनं उगवतो?"

माझं फ्रान्स! मी कसारा घाट उतरून मुंबईला गेलोय तो दोनदा, आणि माझं फ्रान्स! बहिरूशेठचा चेहरा उतरला. चिमणाबाईंनी पदर तोंडाला लावला. शेठ हळूच म्हणाले, "पेंटरभाऊ, चित्र झकास शे. पण दक्षिणेला तोंड असलेलं घर मी घरात कसं लावू? लोक काय म्हणतील?" आणि सुताराला खूण केली... चित्र उचल म्हणून!

त्या क्षणी, तुम्हाला सांगतो, मला भाताचा कोंडा दिसला. नाकात गेला! आणि माझ्या तोंडून निघालं, "सकाळ समजा ना!"

सगळे थांबले. सुतार वाकल्या जागी थांबला.

"सकाळ समजा. सूर्य डावीकडं, सकाळ आहे, म्हणजे डावी बाजू पूर्व. मग दार कुठं आलं?"

दिनेशजींनी डोळे मिटले. हवेत बोट फिरवलं. एकदा माझ्याकडं, एकदा राजवाड्याकडं, एकदा स्वतःकडं वळले. "उत्तर," ते म्हणाले. "कुबेराची दिशा. अतिउत्तम! धनवृद्धी!" शेठ उजळले. मी उजळलो. "पण," दिनेशजी म्हणाले, "सकाळ आहे कशावरून?"

आता बघा हं, इथून पुढं काय झालं! मी गप्प राहिलो असतो तर बरं होतं, पण मी म्हटलं, आपण ठरवू या. आणि बंगल्यात जमलेल्या प्रत्येकाला मत होतं! चिमणाबाई म्हणाल्या, दारात सडा-रांगोळी काढणारी बाई दाखव. गवंडी म्हणाला, "आमच्यात दिवेलागणीलाबी सडा टाकत्यात." बाद! महेबूब फ्रेमचं माप घ्यायला आला होता, तो म्हणाला, "साहेब, मुर्गा डालो ना, कोंबडा! बांग देणारा!" शेठ म्हणाले, कोंबडा काय, दुपारीबी फिरतो, आणि चित्रातली बांग ऐकू येते का? बाद! मग शेठनाच सुचलं, "गवळी! सायकलीला कॅन लावलेला गवळी!" सगळे म्हणाले, वा वा. तर चिमणाबाई म्हणतात, "आपला काळू सांजले बी दूध लई येस ना!" बाद! मी मध्येमध्ये म्हणत होतो, अहो, नक्कल आहे... नक्कल म्हणजे... पण माझं ऐकतो कोण? आणि सुतार, जो अजून वाकलेला होता, तो वाकूनच म्हणाला, "दात घासणारा माणूस काढा की."

सगळे सुताराकडं वळले.

"दात कुणी संध्याकाळी घासत नाही," सुतार म्हणाला.

मी म्हटलं, "डॉक्टर सांगतात, रात्रीपण घासावे."

"कोण घासतं?" शेठनी सगळ्यांकडं बघत विचारलं. कुणीच हात वर केला नाही. दिनेशजींनीही नाही.

ठरलं! राजवाड्याच्या मधल्या सज्जात दात घासणारा माणूस. हा असला सज्जा! त्या विद्यार्थ्यानं तिथं दगडी कठडा काढलाय, प्रत्येक खांब सुरईसारखा, वर मुकुट, मुकुटाच्या दोन्ही बाजूंना देवदूत. तिथून राजानं प्रजेला दर्शन द्यायचं. आणि तिथं कोण? चूळ भरणारा! मी महेबूबला बाजूला घेतलं. म्हटलं, तूच सांग, हे मी करू? तो म्हणाला, "साहेब, दात घासणं काय गुन्हा आहे? साफ आदमी है, बेचारा. तुम्ही घोटीला गेलात तर माझ्या दुकानात राजवाड्याच्या जागी काय लावू? कॅलेंडर?" म्हटलं, बरं.

चित्र परत सिडकोत आणलं, दोरानं वर ओढलं, वत्सलाबाईंनी परत हात जोडले. आता सांगा, दात घासणारा माणूस मी आणू कुठून? अल्बममध्ये तर नाही! आणि मला मनानं काढता येत नाही हो, मी समोर बघून काढणारा माणूस. पण देवाची करणी बघा, समोर होता! मनोज! गेल्या आठवड्यापासून मला घोटीला न्यायला येऊन बसलेला! "दाजी, तुम्ही नुसते म्हणता, आज होईल, उद्या होईल. मी आता घेऊनच जाणार!" आणि हा रोज सकाळी आमच्या गॅलरीत बनियनवर उभा राहतो, एका हातात तांब्या, तोंडात ब्रश, फेस हनुवटीपर्यंत, आणि अख्ख्या सिडकोला जाग येईल असा खाकरतो. मी त्याला पुढच्या खोलीतून बघायचो आणि काढायचो. पोट तेवढंच, बनियन तेवढाच, पायजम्याची नाडी बाहेर लोंबणारी... नाडीसुद्धा! त्याला काही सांगितलं नाही, नुसतं काढत गेलो. आणि सावली? उजवीकडं, पंचेचाळीस अंशांत, बरोब्बर. काही झालं तरी पद्धत सोडायची नाही. सज्जाच्या उंचीच्या प्रमाणात तो माणूस बिनचूक बसला होता हो! मोहिनी आली, चष्मा लावून वाकली, आणि तोंडाला पदर लावून खुदखुदायला लागली. "अहो, हा तर आपला मनोज!"

मी म्हटलं, "मग? नक्कल म्हणजे नक्कल!"

वास्तुशांत झाली. बंगल्याला तोरणं, मांडवात पंगत, जिलबी, बासुंदी. आणि हॉलच्या भिंतीवर माझा राजवाडा! पूर्ण भिंत! मोहिनीनं आत पाय टाकला आणि भिंतीकडं बघून माझ्या हाताला नुसता चिमटा काढला. जिंकलो! परकी भिंत, माझं चित्र, वर्ष अजून संपलेलं नाही! दिनेशजींनी येऊन होकायंत्र लावलं, सज्जाकडं एक नजर टाकली आणि म्हणाले, "उत्तर. अगदी शुद्ध." चिमणाबाई म्हणाल्या, "आते घर वाटस. माणूस उठेल शे." पाहुणे एकामागून एक येत होते, आणि तुम्हाला सांगतो, कमानीकडं एकानं बघितलं नाही! खांबांकडं नाही, पायऱ्यांकडं नाही, ते इतके पातळ थर, तो दगडाचा ओलावा, काही नाही! सगळे सज्जासमोर गर्दी करून. "हे कोण हो?" "चूळ भरतोय बघा!" "अगं, नाडी बघ, नाडी!"

कुणीतरी बहिरूशेठना विचारलं, "शेठ, हा कोण?"

आणि बहिरूशेठ, फेटा बांधलेले, छाती पुढं काढून म्हणाले, "फ्रान्सचा राजा शे तो. आत्ताच उठला."

हे मनोजनं ऐकलं. हातात जिलबीची ताटली, पाक हातावरून ओघळतोय, आणि तो भिंतीकडं बघतोय. मी मोहिनीच्या मागं सरकलो. म्हटलं, आता ओरडतो! आता याची गिरणी सुरू होते! तो पुढं गेला, नाक चित्राला लावलं, मागं आला, परत पुढं गेला. आणि मग हॉलभर ऐकू गेलं, "दाजी! हा मी आहे! मी राजा आहे!"

आणि तो मला मिठी मारतो! पाकासकट! सगळ्या हॉलला सांगतो, "हे माझे दाजी. यांनीच काढलंय. मी उभा होतो." लोक त्याच्याशी हात मिळवतात! बासुंदी देतात! एकानं तर त्याला विचारलं, "फ्रान्समध्ये कांदा काय भावानं जातो?" आणि हा सांगतोसुद्धा!

घरी येताना रिक्षात तो माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाला, "दाजी, गिरणीवर बसायचं रद्द. आपल्याला नको. तुम्ही असं करा, माझ्या गिरणीच्या दर्शनी भिंतीवर असाच राजवाडा काढा. अख्खी भिंत. हायवेवरून जाणारा ट्रकवाला थांबला पाहिजे!" मी मोहिनीकडं बघितलं. म्हटलं, सांग याला, भिंतीवर असले पातळ थर बसत नाहीत, पावसात जातील, आणि मूळ चित्र कागदासाठी आहे, गिरणीसाठी नाही... मोहिनी म्हणाली, "घरचं काम आहे. नाही कसं म्हणायचं?" आणि बाहेर बघायला लागली. विषय संपला.

ता. २१ डिसेंबर १९९८, सोमवार. घोटीला सकाळी दाट धुकं, वारा नाही, अकराला ऊन. गिरणीची दर्शनी भिंत खरवडून तिला चुन्याचा पहिला हात दिला. राजवाडा अल्बममधलाच काढायचा ठरला आहे, सज्जा मधोमध. सज्जात मनोज. या वेळी अंघोळ झालेला, सफारीत.